युद्धात जखमी झालेलं मूल शस्त्रक्रियेपर्यंत कसं पोहोचतं?

जखमी मुलाचा फोटो आणि ‘कृपया कुणीतरी मदत करा’ असा निरोप शेकडो मोबाइलवरून फिरतो. पाहणाऱ्यांचा जीव खरोखर कळवळतो, पैसे द्यायलाही लोक तयार असतात आणि तरीही मूल त्याच खाटेवर राहतं. कारण फोटो पाहून कुठलाही सर्जन ‘आणा इकडे’ म्हणू शकत नाही. दुखापत नेमकी काय आहे, आज तिची अवस्था काय आहे, कुठली शस्त्रक्रिया हवी आणि ती आहे तिथं का होत नाही, मुलाला कायदेशीररीत्या कोण घेऊन येऊ शकतं, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. ज्या कुटुंबाचं घर गेलंय, कागदपत्रं गेलीत, त्याला हे एकट्यानं जमणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून दूर बसलेल्या माणसाच्या हातून होणारी सगळ्यात मोठी मदत बहुतेक वेळा ही फाइल उभी करण्याची असते. पैशाचा नंबर त्यानंतर लागतो.

जखम किती थांबू शकते?

काही जखमांना तास मिळतात, काहींना आठवडे, काहींना महिने. हे आधी ओळखलं नाही तर सगळी धावपळ भलत्याच दिशेनं होते.

न थांबणारा रक्तस्राव, पोटात किंवा छातीत शिरलेला तुकडा, रक्तवाहिनी तुटून थंड पडलेला पाय, वाढत जाणारी गुंगी, अशा वेळी परदेशातली संस्था शोधत बसू नका. रक्तपुरवठा तुटलेला हात किंवा पाय वाचवायला साधारण सहा तास मिळतात. जवळात जवळचं, भूल देऊन शस्त्रक्रिया करू शकणारं रुग्णालय हाच तेव्हाचा पत्ता. लहान मुलाच्या अंगात मुळात रक्तच थोडं असतं, किलोमागे साधारण ८० मिलिलिटर. १५ किलोच्या मुलाचं सगळं रक्त मिळून सव्वा लिटरच्या आसपास भरतं. त्यातलं पाव लिटर गेलं तरी जिवावर बेतू शकतं.

स्फोटात माती, कपड्याचे धागे आणि हाडाचे कपचे मांसात खोलवर घुसतात. म्हणून युद्धातल्या जखमेचा नियम असा की ती उघडायची, मेलेला भाग कापून काढायचा, भरपूर धुवायची आणि उघडीच ठेवायची. स्वच्छ दिसली तर साधारण चार ते सात दिवसांनी टाके घालायचे. घाईघाईनं पहिल्याच दिवशी शिवलेली जखम वरून छान दिसते आणि आत सडत राहते. काही महिन्यांनी दुसऱ्या देशात पोहोचणाऱ्या बऱ्याच मुलांच्या हाडात संसर्ग मुरलेला असतो, त्याची सुरुवात अनेकदा इथेच झालेली असते. पहिल्या दिवशी काय केलं, जखम शिवली की उघडी ठेवली, धनुर्वाताची लस दिली का, हे पुढच्या सर्जनला कळणं म्हणूनच महत्त्वाचं.

डोळ्याला छेद गेला असेल तर दिवस मोजायचे. जखमी डोळ्यामुळे क्वचित दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही दाह होतो. चांगला डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. सात-आठ वर्षांखालच्या मुलांत आणखी एक अडचण असते. ज्या डोळ्यातून धूसर दिसतं त्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो, आणि मग उशिरा केलेली शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी दृष्टी पुरती परत येत नाही.

भाजलेली जागा तीन आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण उमटण्याची शक्यता खूप वाढते. व्रण सांध्यावर असेल तर बोटं तळहाताकडे वळतात, हनुवटी छातीकडे ओढली जाते. त्वचारोपणाची सोय होईपर्यंत सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या खपच्या (स्प्लिंट) बांधणं आणि रोजचा व्यायाम एवढं तरी तिथल्या तिथं सुरू करता येतं. ते केलं तर पुढची शस्त्रक्रिया बरीच सोपी होते.

चेतातंतूंचा, म्हणजे नर्व्हचा, हिशेब सगळ्यात निष्ठुर असतो. शिवलेला चेतातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तिकडे संदेशाविना पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. दंडात तुटलेल्या नर्व्हला बोटांपर्यंत पोहोचायचं असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवी. वर्षभर रांगेत थांबलेल्या मुलाच्या बाबतीत हा दरवाजा बंद झालेला असतो. मग दुसऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा दोर, वळवून लावण्यासारखे पर्याय उरतात.

म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत मुदत लिहा. उदाहरणार्थ: ‘उजव्या दंडात रेडियल नर्व्ह तुटलेला, दुखापतीला ११ आठवडे झाले, मनगट उचलता येत नाही.’ ‘अत्यंत तातडीचं’ असं लिहून काही साधत नाही, कारण ते प्रत्येक विनंतीवर लिहिलेलं असतं.

वाढत्या हाडाचा प्रश्न

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ एकट्या गुडघ्याजवळच्या पट्टीतून होते. तिथं तुकडा लागला किंवा तिथूनच पाय कापावा लागला, तर सहा वर्षांच्या मुलाच्या दोन पायांतला फरक आज दिसणार नाही. तो दहाव्या, बाराव्या वर्षी दिसेल. हाडाच्या मधून पाय किंवा हात कापला असेल तर उलटा त्रास होतो. आतलं हाड वाढत राहतं, टोकदार होतं आणि कातडीला टोचत बाहेर येऊ पाहतं. मग उरलेल्या भागावर, म्हणजे स्टंपवर, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वाढ संपेपर्यंत ती एकाहून अधिक वेळा लागू शकते. शक्य असेल तेव्हा सांध्यातून अवयव वेगळा करण्याकडे सर्जनचा कल असतो, तो यासाठीच.

कृत्रिम पायाचंही तसंच. वाढत्या मुलाचा पाय साधारण दर सहा महिन्यांनी ते वर्षानं बदलावा लागतो. त्यामुळे ‘एकदा बाहेर नेऊन पाय बसवून आणू’ ही योजना अपुरी आहे. घराजवळ, त्याच देशात, पुढची दहा-बारा वर्षं पाय बदलून देणारं केंद्र कुठलं, हे आधी पाहावं. अफगाणिस्तानात आणि इतर अनेक संघर्षग्रस्त देशांत रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं अशी पुनर्वसन केंद्रं चालवली आहेत किंवा त्यांना आधार दिला आहे. आमच्या मते कृत्रिम अवयवासाठी मुलाला दूरदेशी नेण्याआधी हा पर्याय पुरता तपासलाच पाहिजे.

फाइल कशी बनते

कणा असतो उपचार करणाऱ्या डॉक्टरचा अहवाल. दोन पानं पुरतात, पण ती टाइप केलेली, तारीख, सही आणि शिक्का असलेली हवीत. दुखापत कधी आणि कशानं झाली: स्फोट, गोळी, जळणं की ढिगाऱ्याखाली चिरडणं. आजवरच्या सगळ्या शस्त्रक्रिया, तारखांसह. शरीरात काय बसवलंय: प्लेट, सळई की बाहेरून लावलेली चौकट. कुठली अँटिबायोटिक्स किती दिवस दिली. पू किंवा हाडाच्या नमुन्यात कुठले जंतू सापडले आणि ते कशाला दाद देतात. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, अॅलर्जी आहे का, भूल दिली तेव्हा काही त्रास झाला का. आणि शेवटी एक स्पष्ट वाक्य: काय हवं आहे आणि ते इथं का होऊ शकत नाही. ‘पुढील उपचारांसाठी’ एवढंच लिहिलेला अहवाल सर्जनच्या टेबलावरून परत येतो.

वजन मात्र न चुकता, तारखेसह. मुलांची सगळी औषधं, भूलसुद्धा, किलोवर ठरतात आणि युद्धातल्या मुलाचं महिन्यापूर्वीचं वजन आज खरं नसतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाची जखम भरत नाही, लावलेली त्वचा धरत नाही. मोठी शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलून आधी पोषण सुधारणं हा तेव्हा उपचाराचाच भाग असतो. कुटुंबाला तो नकार वाटतो, म्हणून त्यांना कारण सांगा.

एक्स-रे काढून महिना-दीड महिना झाला असेल तर नवा काढा. तो दोन कोनांतून हवा आणि दुखापतीच्या वरचा व खालचा सांधा त्यात दिसायला हवा. सीटी स्कॅन असेल तर संगणकातली मूळ डायकॉम फाइल मागून घ्या. खिडकीशी धरलेल्या फिल्मचा मोबाइलनं काढलेला फोटो पाहून हाडाची शस्त्रक्रिया आखता येत नाही. अंगात धातूचे तुकडे राहिले असतील, विशेषतः डोळ्यात किंवा मेंदूजवळ, तर ते ठळक अक्षरांत लिहा. कुणी नकळत एमआरआय केला तर त्या चुंबकात तुकडा हलू शकतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून काढा. शेजारी निरोगी बाजूचाही फोटो घ्या. सांधा आखडला असेल तर फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो: पूर्ण वाकवताना, पूर्ण सरळ करताना, मूल चालू शकत असेल तर समोरून आणि बाजूनं चालताना. जखम चेहऱ्यावर नसेल तर चेहरा येऊ देऊ नका. मोबाइलचा फोटो सोबत ठिकाणाची नोंदही नेतो, ती पाठवण्याआधी काढून टाका. युद्धाच्या प्रदेशात ही नोंद कुटुंबाला धोक्यात घालू शकते. फाइल फक्त डॉक्टर आणि संस्था यांच्याकडेच जावी. ती समाजमाध्यमांवर टाकायची नाही. मोठं झालेलं मूल एक दिवस ते फोटो पाहणार आहे.

नावाच्या स्पेलिंगमुळे किती मुलं अडकतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते. अरबी, पश्तू किंवा युक्रेनियन नाव रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिता येतं. रुग्णालयाच्या अहवालात एक, पासपोर्टवर दुसरं, परवानगीच्या यादीत तिसरं असं झालं की सीमेवरचा अधिकारी मुलाला परत पाठवतो. पासपोर्टवरचं स्पेलिंग एकदाच पक्कं करून प्रत्येक कागदावर तेच वापरा. पासपोर्ट नसेल तर जन्मदाखल्यावरचं. जन्मतारखेचंही तेच.

दार कुणाचं ठोठवायचं

युद्धाच्या प्रदेशातून बाहेर पडण्याची अधिकृत वाट बहुधा एकच असते. तिथलं आरोग्य मंत्रालय किंवा त्याची रेफरल समिती, म्हणजे कुणाला बाहेर उपचारांसाठी पाठवायचं ते ठरवणारी समिती, मुलाचं नाव यादीत घालते, जागतिक आरोग्य संघटना किंवा तशी यंत्रणा समन्वय करते, सीमा ज्यांच्या ताब्यात आहे ते सुरक्षा-मंजुरी देतात आणि एखादा देश मुलाला स्वीकारतो. नाव यादीत नसेल तर परदेशातल्या रुग्णालयाचं स्वीकृतिपत्र हातात असूनही उपयोग होत नाही. म्हणून खासगी प्रयत्न करतानाही यादीतली नोंद आधी करून घ्या आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

या वाटा एका दिवसात बदलतात. ७ मे २०२४ रोजी रफाहची सीमा बंद झाली आणि गाझातल्या रुग्णांचा इजिप्तकडे जाण्याचा मुख्य मार्ग तुटला. युक्रेनच्या बाबतीत २०२२च्या मार्चपासून युरोपीय संघाच्या नागरी संरक्षण यंत्रणेतून रुग्ण वेगवेगळ्या देशांत पाठवले जाऊ लागले आणि पोलंडमधल्या झेशुफ इथं वाटेतल्या थांब्याचं वैद्यकीय केंद्र उभं राहिलं. दोन्हीकडे शस्त्रक्रिया तीच, पण वाट पूर्ण वेगळी. गेल्या महिन्यात दुसऱ्या कुटुंबाला मिळालेला सल्ला आज तसाच वापरू नका.

संस्थांची कामं वेगळी आहेत, हे न कळल्यानं चुकीच्या दारात वेळ जातो. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती मुख्यतः त्या-त्या देशातच रुग्णालयं आणि पुनर्वसन केंद्रांना बळ देते, हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेते. परदेशी उपचारांची सोय लावणं हे तिचं मुख्य काम नव्हे. १९९४ साली मिलानमध्ये स्थापन झालेली इमर्जन्सी ही संस्था काबूलसारख्या ठिकाणी मोफत शस्त्रक्रिया केंद्रं चालवते. मेद्साँ साँ फ्राँतिएर, म्हणजे ‘सीमारहित डॉक्टर’, या संस्थेनं २००६ साली जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये युद्धजखमींसाठी पुनर्रचना शस्त्रक्रिया सुरू केली. हाडं, भाजल्याचे व्रण, जबडा-चेहरा हे तिथले विषय. सुरुवात इराकी रुग्णांपासून झाली, पुढे सीरिया, येमेन, गाझा इथलेही रुग्ण आले. जर्मनीत ओबरहाउझनजवळचं फ्रीडन्सडॉर्फ, म्हणजे ‘शांतिग्राम’, १९६७पासून मुलांना उपचारांसाठी आणतं. पण मूल एकटं येतं, पालक सोबत नसतात आणि उपचार संपल्यावर ते घरी परततं. कुटुंबानं हे ऐकून, पचवून मगच हो म्हणावं. गाझातल्या मुलांसाठी पॅलेस्टाइन चिल्ड्रन्स रिलीफ फंड आहे. भाजलेल्या आणि हाडांच्या रुग्ण मुलांसाठी अमेरिकेतली श्राइनर्स रुग्णालयं कुटुंबाची ऐपत न पाहता उपचार करतात, व्हिसाची अडचण मात्र वेगळी सोडवावी लागते.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारायला हरकत नाही, पण प्रत्येकाला इतरांबद्दल सांगा. लपवलं की दोन गोष्टी घडतात: ‘दुसरे बघतायत’ म्हणून सगळेच थांबतात, नाहीतर दोन रुग्णालयं एकाच मुलासाठी खाट अडवून बसतात. कुटुंबाच्या वतीनं बोलणारा माणूस एकच असावा. कुटुंबाची भाषा जाणणारा, फोन उचलणारा.

शेजारच्या देशात चांगली सोय असेल तर दूरच्या नामांकित रुग्णालयापेक्षा तीच निवडावी, असं आमचं ठाम मत आहे. भाषा जवळची असते, आई मुलाशी आणि डॉक्टरशी बोलू शकते, पुढच्या तपासण्यांना परत जाता येतं.

सोबत कोण, संमती कुणाची

१९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम १७ वेढ्यात अडकलेल्या जखमींना, आजाऱ्यांना आणि मुलांना बाहेर काढण्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी स्थानिक करार करायचा प्रयत्न करावा असं सांगतं. या करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं, म्हणजे पूरक कराराचं, कलम ७८ मुलांना परदेशी हलवण्याबद्दल आहे. त्यानुसार हे हलवणं तात्पुरतं असावं, आरोग्य, उपचार किंवा सुरक्षा यांसारखं सबळ कारण असावं, पालकांची किंवा कायदेशीर पालनकर्त्यांची लेखी संमती असावी आणि प्रत्येक मुलाचं छायाचित्रासह माहितीपत्र रेड क्रॉसच्या केंद्रीय शोधसंस्थेकडे जावं. हा पूरक करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, तरी चांगल्या संस्था या अटी पाळतात. जी संस्था संमतीचा कागद नको म्हणते, तिच्या हाती मूल देऊ नका.

दोन्ही पालक हयात असतील तर दोघांच्या सह्या घ्या. एक गेला असेल तर मृत्यूचा दाखला, बेपत्ता असेल तर तसा अधिकृत कागद. आजी, काका किंवा मोठी बहीण सांभाळत असेल तर पालकत्वाचा न्यायालयीन किंवा स्थानिक अधिकाऱ्याचा आदेश आधीच काढून ठेवा. मूल ढिगाऱ्यातून एकटंच सापडलं असेल तर परदेशी नेण्याची घाई करण्याआधी रेड क्रॉस आणि युनिसेफकडे नोंद करून नातेवाइकांचा शोध सुरू झाला पाहिजे. जीव वाचवणारी शस्त्रक्रिया मात्र त्यासाठी थांबत नाही.

सोबतीचं एकच नाव देऊ नका. सुरक्षा-तपासणीत तरुण पुरुषांची नावं अनेकदा नाकारली जातात, आणि त्या एका नकारामुळे मुलाची फेरी हुकते. आई आणि आजी किंवा आई आणि मावशी अशी दोन नावं कागदपत्रांसह तयार ठेवा. मागे राहणाऱ्या भावंडांना कोण सांभाळणार, याचं उत्तरही तेव्हाच हवं. ते नसलं की आई ऐन वेळी निघत नाही. तिला दोष देता येत नाही.

खर्चाचा अंदाज कुठे फसतो

रुग्णालयाकडून मुद्देसूद अंदाजपत्रक मागा. शस्त्रक्रियेचा आकडा सगळ्यांना दिसतो. इम्प्लांट, रक्त, महागडी अँटिबायोटिक्स, फिजिओथेरपी, सोबतीचं राहणं-खाणं, दुभाषा आणि परतीचा प्रवास राहून जातो. त्यात मुक्कामाचा अंदाज हमखास कमी धरला जातो. संसर्गामुळे पायाच्या हाडात पाच सेंटिमीटरचं अंतर पडलं आहे असं धरा. इलिझारोव्ह चौकटीनं, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवून हाडाला तारांनी जोडलेल्या कड्यांनी, नवं हाड दिवसाला एक मिलिमीटर वाढवतात, म्हणजे नुसतं ताणण्यातच ५० दिवस गेले. पण ते हाड घट्ट व्हायला सेंटिमीटरमागे महिना किंवा थोडा जास्त लागतो. चौकट अंगावर पाच ते सात महिने राहणार. तीन आठवड्यांच्या व्हिसावर आणलेलं मूल इथे अडचणीत येतं.

पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत आणि पावती मुलाच्या नावानं निघावी. निर्बंध असलेल्या प्रदेशात कुटुंबाच्या खात्यावर मोठी रक्कम पाठवली तर बँक ती गोठवू शकते. ‘यादीत नाव वर घेतो’ म्हणत कुटुंबाकडे पैसे मागणारा दलाल असतो. खऱ्या संस्था नाव नोंदवण्याचे पैसे घेत नाहीत.

प्रवास आणि पहिला आठवडा

विमानात हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या इतका उतरतो. त्यामुळे शरीरात अडकलेली हवा साधारण एकतृतीयांशानं फुगते. छातीत किंवा कवटीत हवा असेल तर उड्डाणाआधी तज्ज्ञाची परवानगी अनिवार्य आहे. गेल्या ४८ तासांत घातलेलं प्लास्टर उभं चिरून घ्यावं, नाहीतर सुजलेला पाय आत दाबला जातो. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून आधी भरून घ्या. औषधं, ड्रेसिंग आणि फाइलची प्रत हातातल्या बॅगेत, ठरलेल्या प्रवासापेक्षा तीन दिवस जास्त पुरेल एवढी ठेवा.

पोहोचल्यावर मुलाला बऱ्याचदा वेगळ्या खोलीत ठेवतात, आत येणारे सगळे गाऊन आणि हातमोजे घालतात. युद्धातल्या जखमांत अनेक औषधांना दाद न देणारे जंतू सापडतात, म्हणून तपासणी येईपर्यंत ही काळजी. आईला आणि मुलाला हे निघण्यापूर्वीच सांगा. न सांगितल्यास त्यांना ती शिक्षा वाटते. हाडाचा नमुना घेण्याआधी सर्जन काही वेळा अँटिबायोटिक्स दोन आठवडे थांबवतात. ते त्यांनीच ठरवायचं, घरच्यांनी आधीपासून बंद करायचं नाही.

परतताना

परतीची तारीख ठरण्यापूर्वी घरच्या डॉक्टरशी उपचार करणाऱ्या सर्जनचं प्रत्यक्ष बोलणं करून द्या. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत आणि कुटुंबाच्या भाषेत हवा. त्यात काय केलं, आत काय बसवलं, त्या इम्प्लांटची कंपनी आणि माप, कुठली औषधं कधीपर्यंत, हे सगळं असावं. स्क्रू काढायचे झाले तर नेमका त्याच मापाचा पाना लागतो. भाजलेल्या मुलाला दाबपट्ट्यांचे कपडे दिवसाचे २३ तास घालावे लागतात. व्रण शांत व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तेवढ्यात मूल वाढतं, म्हणून पुढच्या मापाचे जोडही सोबत द्या. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, कुणाकडे, तेव्हा कुठल्या बाजूचा एक्स-रे काढायचा आणि तो कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, हे पहिल्या पानावर लिहून त्याचा एक फोटो आईच्या मोबाइलमध्ये आणि एक समन्वय करणाऱ्याकडे ठेवा.